विहिणींच्या पंगतीत तुळसाबाई

उकंडराव गाडी घेऊन मळ्यात आला तेव्हा गाडीत नेहमीपेक्षा जास्त डाली होत्या. एक शब्द न बोलता तो वांग्याच्या वाफ्यात शिरला आणि लहान-मोठं न बघता तोडू लागला. तुळसाबाई मिरचीला पाणी देत होती. तिने फावडं थांबवलं.

"मंगरुळचा बजार तं झाला," ती म्हणाली. "हा कुटचा बजार काढला आज?"

"हाय एका जागी काम."

"कोनाच्या घरी?"

"हाय म्हनलं ना. तुले काय कराच हाय?"

डाली भरल्या, गाडी निघून गेली. वाफ्यात पानं तेवढी उरली.

बाजारात आसेगावची ही वांगी लोक हात घालून निवडत. गावात मात्र ती कुणाच्या हातची, हे उकंडराव कधी बोलत नसे. वेडीच्या हातचं कोण खाईल?

वेडी हे नाव तिला लेकीच्या, रुख्मिणीच्या जन्माच्या वेळी पडलं. बाळंत होऊन पाचवी पुजली आणि तिची झोप उडाली. उडाली ती उडालीच. कुणीतरी पोर बदलून नेईल म्हणून ती पोर छातीशी धरून भिंतीला टेकून बसे, कुणी घ्यायला आलं की चावायला धावे. बाळ श्वास घेतंय का, हे बघायला दर घटकेला त्याच्या नाकाशी बोट नेई. एका दुपारी ती पोरीसकट विहिरीच्या काठावर सापडली. लंगोट धुवायला गेली होती की आणखी कशाला, हे तिला तेव्हा सांगता आलं नाही आणि आजही आठवत नाही. थोरली जाऊ मनकर्णाबाई, म्हणजे उकंडरावच्या मोठ्या भावाची, बापूरावांची बायको, धावत आली. तिने पोर ओढून घेतली आणि तुळसाला गोठ्यात बांधलं.

बांधलं त्याचा तिला एवढा राग नव्हता. छातीत दूध दाटून दगड झाले होते, भिंतीपलीकडे पोर टाहो फोडत होती, आणि मनकर्णाबाई जेवणाचं ताट लांबून काठीने पुढे सरकवत होती. तेही शेजारणींना बोलावून, दाखवत दाखवत, जशी काही गोठ्यात वाघीण धरून ठेवलीय. राग त्याचा होता. तो तिने तुपासारखा जपला, थंडीत थिजू दिला, उन्हाळ्यात वितळू दिला, पण सांडू दिला नाही.

पुढे उकंडरावने कारंजाहून रेल्वेत घालून तिला नागपूरच्या पागलखान्यात नेलं. तिथे ती बरी झाली. कुणाला सांगितलं तर हसतील, पण तिथे ती एकटी नव्हती. बायका ओळीने बसून डाळ निवडत, एकमेकींच्या वेण्या घालत, भांडत, रुसत. निघताना तिथल्या डॉक्टरसाहेबांनी उकंडरावला समोर बसवून सांगितलं होतं, "आता औषध एकच. हिला माणसांत ठेवा. एकटी टाकू नका." उकंडरावने मान हलवली आणि गाडी घरी न नेता थेट मळ्यातल्या खोपीशी सोडली. "थोडे दिवस," तो म्हणाला. घरात तिच्या जागी मनकर्णाबाई बसली होती आणि तिच्या मांडीवर रुख्मिणी. थोड्या दिवसांची चौदा वर्षं झाली. आपली आई कोण हे रुख्मिणीला ठाऊक होतं, पण कधी बापाबरोबर मळ्यात आली तरी ती गाडीतून उतरत नसे, तिथूनच बापाला हाका मारी. उकंडरावने दुसरं लग्न केलं नाही, म्हणून गाव त्याला देवमाणूस म्हणे.

पहिल्या संक्रांतीला ती धीर करून ललिताबाई पाटलिणीकडे हळदीकुंकवाला गेली होती. ललिताबाईने गोड बोलून पायरीवरच कुंकू लावलं, वाण दिलं. वाटेत पदरातला तीळगूळ पडला म्हणून ती मागे वळली, तर पाटलीणबाई तीच पायरी शेणाने सारवून घेत होत्या. त्यानंतर तिने गावात पाऊल टाकलं नाही.

तिच्याशी टेकून बोलणारं माणूस एकच, तांड्यावरची भुरीबाई. लाकडाची मोळी गावात विकून परतताना ती मळ्यात यायची, मिरच्या घ्यायची, आणि गावाची वार्ता मोकळी करून जायची. त्या दिवशी ती रिकाम्या वाफ्याकडे बघतच राहिली, आणि गप्प बसली. गप्प बसणं तिला शोभत नसे.

"बोल ना व," तुळसाबाई म्हणाली. "जीभ काय तांड्यावर ठिवून आली?"

"तुह्या दादल्यानं सांगतलं नाही, तं मी कायले सांगू? मंग म्हनान, लमानीन चुगल्या लावते."

"सांग."

"उद्या तुह्या रुख्मिनीचं लगन हाय. रिठदचं वऱ्हाड आज सांजीले येते. हे वांगे तिथंच गेले."

तुळसाबाईचे हात मिरचीची देठं खुडायचे थांबले नाहीत.

"अन् आखीन एक," भुरीबाई खाली बघत म्हणाली. "त्याइले सांगतलं का पोरगी मनकर्नाबाईच्या पोटची हाय. तुहं नावच नाही कुटं. वेड्या मायची पोरगी कोन करन, म्हून. साऱ्या गावानं तोंड शिवून घेतलं."

"अस्सं."

"तुले राग नाही आला?"

"उद्या जातो मी. इहिनीची पंगत बसली का भर पंगतीत सांगतो. पोरगी कोनाची हाय, तिच्या मायले कुटं बांधलं, ताट कशानं ढकललं. समदं."

"बाई, पोरीले मांडवातच टाकून जातीन ते."

"जाऊ दे."

"अंगाले हळद लागली तिच्या. अशी पोरगी घरी राह्यली तं तिले जलमभर कोन इचारन?"

"मले कोनं इचारलं?"

भुरीबाईने मिरच्यांची ओटी बांधली, उठली, पुन्हा बसली. "तुहं डोकं ठिकान्यावर हाय ना, तुळसे?"

"इतकं ठिकान्यावर कधी नव्हतं," तुळसाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने विहिरीवर डोक्यावरून न्हाऊन घेतलं. पेटीतलं हिरवं लुगडं काढलं, कडुलिंबाचा पाला झटकला, कपाळभर कुंकू लावलं. मागच्या वाटेने नाही, गावाच्या मधून, वेशीतून गेली. पारावरचे लोक बोलायचे थांबले. कुणी तिला अडवलं नाही. अडवायचं तर आवाज चढणार, आणि आवाज चढला तर मांडवातले पाहुणे विचारणार, काय झालं म्हणून.

लग्न लागून गेलं होतं. पुरुषांची पंगत उठली होती, आणि मांडवात विहिणी बसल्या होत्या. त्या पंगतीचा थाटच वेगळा. वरमाय बसल्याशिवाय कुणी बसत नाही, पोरीच्या आईने आपल्या हाताने पानावर तूप वाढल्याशिवाय वरमाय घास उचलत नाही, आणि त्या दिवशी तिच्या तोंडून निघालेला शब्द मोडायचा नाही. मोडला की ती रुसते, ती उठली की सारी पंगत उठते, आणि मग पोरीच्या बापाने टोपी पायावर ठेवली तरी भागत नाही.

वरमाय म्हणजे रिठदच्या आवडाबाई. आडव्या अंगाच्या, नाकात भली मोठी नथ, हसल्या की दंड हलणाऱ्या. त्यांच्या शेजारी मळवट भरलेली रुख्मिणी. मनकर्णाबाई तुपाचं भांडं घेऊन वाकली होती. बाजूला गावातल्या बायका वाढायला उभ्या होत्या, त्यांच्यात सगळ्यांत पुढे ललिताबाई पाटलीण.

तुळसाबाई मांडवाच्या खांबाशी येऊन उभी राहिली. आधी ललिताबाईने पाहिलं, तिच्या हातातला भाताचा डाव वाकडा झाला. मग मनकर्णाबाईने. तुपाची धार पत्रावळीऐवजी आवडाबाईंच्या मनगटावर पडली.

"काहो इहीनबाई," आवडाबाई मनगट चाटत म्हणाल्या, "मलेच तळान काय?"

कुणी हसलं नाही. रुख्मिणीने मान वर केली आणि तिचा चेहरा उतरला. तिने शेजारी वाकलेल्या मनकर्णाबाईच्या पदराचं टोक मुठीत धरलं, गल्लीत पिसाळलेलं कुत्रं आलं की लेकरू आईचा पदर धरतं, तसं.

तुळसाबाईच्या तोंडात शब्द तयारच होते. रात्रभर घोळून घोळून गुळगुळीत केलेले. ती मूठ पाहून ते ओठांवर आले आणि आणखी धारदार झाले. तिने तोंड उघडलं.

"ह्या बाई कोन?" आवडाबाईंनी मध्येच विचारलं.

तुळसाबाईने नजर फिरवली. मनकर्णाबाईच्या कपाळावर घाम, ललिताबाई डाव घेऊन मागे सरकतेय, मागच्या बायका एकीमागे एक लपताहेत. चौदा वर्षं या साऱ्या जणी तिला भीत आल्या होत्या, तिने दगड मारू नये म्हणून, शिवू नये म्हणून. आज त्या वेगळ्याच गोष्टीला भीत होत्या. ती काही बोलेल, याला. तिला एकदम कळलं, बोललं की संपलं. बोलल्यावर ती पुन्हा मळ्यातली वेडी, तिला दोन जण दंडाला धरून वेशीबाहेर काढतील. बोललीच नाही तर हा सारा गाव तिच्या ओठांना बांधलेला राहील.

तिने तोंड मिटलं आणि जावेकडे बघत राहिली. सांग, कोण ते.

"माही..." मनकर्णाबाई म्हणाली. "माही धाकली जाऊ."

"मंग उभी काहून ठिवली? पोरीच्या काकू ना? या, बसा माह्याजोळ."

"ती मागून बसन, इहीनबाई. आमच्यात..."

"मी बसा म्हनलं ना," आवडाबाईंनी नथ सावरली. "का उठू मी?"

पत्रावळ आली. तुळसाबाई आवडाबाईंच्या डाव्या हाताला बसली. चौदा वर्षांत प्रथमच तिच्या गुडघ्याला दुसऱ्या कुणाचा गुडघा लागला. त्या उबेने तिला क्षणभर रडू येईल की काय असं झालं. पण ती रडायला आली नव्हती.

"जाऊबाई, तूप वाढा," ती म्हणाली.

मनकर्णाबाईने वाढलं.

"वाढा अजून."

धार पडली.

"हात आखडू नका, जाऊबाई. लेकीचं लगन हाय तुमच्या."

भात बुडाला, तूप पत्रावळीच्या काड्यांमधून निसटून जमिनीवर वाहू लागलं. वाढता वाढता मनकर्णाबाईने तिच्या कानाशी तोंड आणलं. "पोरीले घेऊन इहिरीवर गेल्ती तू. मी नसती आली तं आज हे लगन कोनाचं लागलं असतं?"

"असन," तुळसाबाई तितक्याच हळू म्हणाली. "त्याचे उपकार हायेत. काठीचे नाहीत. वाढा."

आवडाबाई मजेत बघत होत्या. "दोघी जावा-जावाइचं मोठं पिरेम दिसते बाप्पा. पन सोयरिकीच्या टायमाले कधी दिसल्या नाही तुमी?"

"मी मळ्यात राह्यतो. एकलीच."

"एकल्या? काहून?"

"जाऊबाईले इचारा."

सगळ्यांच्या माना मनकर्णाबाईकडे वळल्या. तिने भांडं या हातातून त्या हातात घेतलं. "तिले... मोकळी हवा लागते."

"व्हय," तुळसाबाई भात कालवत म्हणाली. "पहिले गोठ्यातली घेऊन पाह्यली. मानवली नाही."

आवडाबाई खदखदून हसल्या, दंड हलले. मग गावातल्या बायकाही हसल्या. हसायचं कशाला हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून जोरात हसल्या.

"वांग्याची भाजी मातर झकास," आवडाबाई बोटं चाटत म्हणाल्या. "कुटचे वांगे?"

"माह्या हातचे."

आवडाबाईंनी आणखी मागून घेतली. ललिताबाईने मात्र तोंडावर पदर धरला. सकाळपासून वाढता वाढता दोनदा चव घेऊन झाली होती तिची.

"पाटलीनबाई," तुळसाबाईने तिलाच हाक मारली, "पानी द्या ना घोटभर." ललिताबाईने लांबूनच तांब्या पुढे केला. तुळसाबाईने तांब्याला तोंड लावून अर्धं पाणी पिऊन तो परत दिला. "घ्या तुमी बी. सकाळधरून उभ्या हात, घसा कोरडा पडला असन."

"मले तहान नाही."

"काकू इतक्या मायेनं देऊन राह्यल्या तं घ्या ना," आवडाबाई म्हणाल्या.

वरमायचा शब्द. ललिताबाईने डोळे मिटून तांब्या तोंडाला लावला. तिच्या गळ्यातली गाठ वर-खाली झालेली तुळसाबाईने नीट, सावकाश पाहिली. मग तिने तुपात निथळणाऱ्या भाताचा मोठा घास केला आणि हात उंच धरला. "घ्या, जाऊबाई. माह्या हातचा."

मनकर्णाबाई वाकली. तिच्या हनुवटीवरून तूप ओघळलं, डोळ्यांतून पाणी. आवडाबाईंना वाटलं, लेक जाणार म्हणून रडते बिचारी.

"आता पोरीले द्या," त्या म्हणाल्या. "काकूच्या हातचा घास सासरी पुरते."

तुळसाबाईने घास केला. या वेळी लहान, बाळाला देतात एवढा. रुख्मिणीने डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडलं, कडू काढा घ्यावा तसं. पोरीचे ओठ तुळसाबाईच्या बोटांना लागले. छातीशी धरून बसलेल्या त्या दिवसांनंतर आजच. घास तोंडात गेला, पोरीने चावलाच नाही, तसाच गिळला.

सारं सांगून टाकावं, त्या एका घासासाठी, असं तुळसाबाईला पुन्हा वाटलं. या वेळी गावावर सूड म्हणून नव्हे, या पोरीवर म्हणून. ती पाणी प्यायली आणि तिने आवडाबाईंना रिठदच्या मिरचीचा भाव विचारला.

ऊन कलल्यावर वऱ्हाड निघालं. रुख्मिणी एकेकीच्या पाया पडत आली. मनकर्णाबाईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली, आणि शेवटी तुळसाबाईपुढे वाकली. वाकूनच, पदराआडून म्हणाली, "तुमी सांगतलं नाही."

आभार मानण्यासारखा आवाज होता तो. इतका हलका आवाज तुळसाबाईने या पोरीचा कधी ऐकला नव्हता.

"अजून नाही," ती म्हणाली.

पायावरची बोटं आखडली.

"दिवाळीले येशीन तं पहिले मळ्यात उतरजो. एक रात माह्यापाशी राह्यजो. मंग इकडे."

"हो," पोर म्हणाली. फौजदारापुढे मान हलवावी तशी तिने मान हलवली.

मी कधीच सांगणार नाही गं, तुझ्या गळ्याची आण, असं तिला म्हणावं, हे तुळसाबाईच्या अगदी जिभेवर आलं. म्हटलं असतं तर पोर कदाचित आणखी एकदा त्या हलक्या आवाजात बोलली असती. पण मग दिवाळीला ती मळ्यात येणार कशाला? तुळसाबाईने तिला खांद्याला धरून उठवलं, मळवटाचा ओघळ अंगठ्याने पुसला आणि गाडीकडे लोटलं.

गाड्या वेशीबाहेर गेल्या, तशी मनकर्णाबाईने कंबर सरळ केली. तिच्या आवाजात जुना ताठा परत आला. "झालं ना तुह्या मनासारखं? आता जाय. भाऊजी गाडीनं सोडतीन."

"कुटं?"

"मळ्यात."

"मळ्यात सकाळी जाईन, पानी द्याले. निजाले मी इथंच हाय. माही खोली कोनती, ते इसरल्या काय?"

"तुळसे, गाव काय म्हनन?"

"गाव काय म्हनते ते आज पाह्यलं मी. गाव काहीच म्हनत नाही." तिने लुगड्याचा काष्टा नीट केला. "अन् उद्यापासून कोनाकडंही हळदीकुंकू असो, बारसं असो, तुमी मले संगं न्यायचं. सोता येऊन बोलवायचं. नाहीतं रिठद काही लंकेत नाही. भाजीची गाडी कुटंही जाते."

उकंडराव बैल धरून उभा होता. त्याने बायकोकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि बैल परत गोठ्यात नेऊन बांधले. देवमाणूसच तो.

दिवे लागणीला घरच्या आणि शेजारच्या बायका उरलंसुरलं घेऊन स्वयंपाकघरात जेवायला बसल्या. तुळसाबाई आत आली तशी बोलणं तुटलं. सगळ्या उठून सरकल्या, तिच्यासाठी मध्ये जागा झाली. चांगली ऐसपैस. तिच्या उजवीकडे एक माणूस बसेल एवढी मोकळी, डावीकडेही तेवढीच. ललिताबाईने चटकन वाढून दिलं. दुसरीने न मागता मीठ ठेवलं. ती काही बोलली की बोलणं पुरं व्हायच्या आधीच चार जणी हसत होत्या.

तुळसाबाईने एक घास खाल्ला. दोन्हीकडच्या रिकाम्या, सारवलेल्या जमिनीवर हात फिरवला. जमीन थंड होती.

"इतक्या लांब काहून बसल्या?" ती म्हणाली. "सरका इकडे."

कुणी हललं नाही. तिने हळूच मान वळवून मनकर्णाबाईकडे पाहिलं.

तेव्हा त्या सरकल्या.